पहिल्या भेटीचा डॉक्टर : वैद्यकीय शिक्षणातील ऐच्छिक पाठांची निवड

समजा, एखाद्या वस्तीत एक हजार प्रौढ स्त्रीपुरुष राहतात. एका महिन्याच्या अवधीत त्यांपैकी कितीजण आजारी पडतील, कितीजण डॉक्टरांकडे जातील आणि कितीजणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागेल? अमेरिकेतील केर व्हाइट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि अमेरिका व ब्रिटन या देशांत तोवर गोळा झालेल्या माहितीवरून त्याचे उत्तर १९६१ साली प्रसिद्ध केले. हजारांपैकी सुमारे ७५० जणांना त्या महिन्यात काही ना काही दुखणे वा इजा होते. २५० जण डॉक्टरांचा सल्ला घेतात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पाठविले जाते. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत, म्हणजे जेथे भावी डॉक्टर शिकतात तेथपर्यंत, अवघा १ जण पोहोचतो.

पुढे चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेतच हा हिशेब नव्याने मांडला गेला. या खेपेस मुलांचीही गणना केली होती. मधल्या काळात वैद्यक कितीतरी पुढे गेले होते, औषधे व उपकरणे पालटली होती. तरी हिशेबाचा आकार तोच राहिला. हजारांपैकी ८०० जणांना काही लक्षणे, २१७ जणांची डॉक्टरच्या दवाखान्यास भेट, ८ जण रुग्णालयात, आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात दाखल होणारा एकही पुरता नाही. भारतातील आकडे अर्थातच निराळे असणार. येथे अंतरे मोठी आहेत, दवाखान्याला जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि पुष्कळ दुखणी घरीच अंगावर काढली जातात. परंतु त्यामुळे मोठ्या रुग्णालयापर्यंत येणाऱ्यांचा वाटा वाढण्याचे कारण नाही.

वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो त्या एका रुग्णावर. पुढे तो प्राथमिक आरोग्य केंद्रात वा एखाद्या खेड्याच्या बाजारपेठेत दवाखाना घालून बसला, म्हणजे त्याच्यासमोर येतात ते बाकीचे अडीचशे. आजाराचे नाव एकच असले, तरी हे दोन समुदाय एकसारखे नसतात, आणि या भेदाचा परिणाम निदानावर कसा होतो हे थोड्या अंकगणिताने स्पष्ट करता येते.

एखादी तपासणी घेऊ. ज्यांना रोग आहे अशा १०० जणांपैकी ९० जणांत ती रोग दाखविते, आणि ज्यांना रोग नाही अशा १०० जणांपैकी ९० जणांत ती रोग नाही असे सांगते. तपासणी चांगलीच म्हणावयाची. ती मोठ्या रुग्णालयात १००० जणांवर केली, आणि तेथे पाठविलेल्यांपैकी निम्म्यांना तो रोग असेल, तर ५०० रोग्यांपैकी ४५० जणांत व ५०० निरोग्यांपैकी ५० जणांत ती रोग दाखवील. म्हणजे तपासणीने 'रोग आहे' असे सांगितलेल्या ५०० जणांत ४५० खरे रोगी, शंभरात नव्वद. आता तीच तपासणी खेड्यातील दवाखान्यात १००० जणांवर करू. तेथे तो रोग शंभरात एकालाच आहे, म्हणजे एकूण १० जणांना. त्यांतील ९ जण सापडतील. परंतु ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांवरही रोगाचा शिक्का बसेल. १०८ जणांपैकी खरे रोगी ९, म्हणजे शंभरात आठांहून किंचित अधिक. उपकरण तेच, हात तोच, रसायन तेच. बदलली ती केवळ समोर बसलेल्या माणसांची गर्दी.

जो डॉक्टर केवळ मोठ्या रुग्णालयात शिकला, त्याच्या मनात डोकेदुखी म्हटली की मेंदूतील गाठ उभी राहते. कारण तेथे त्याने ती खरोखर पाहिलेली असते. खेड्यात आल्यावर तो एक तर प्रत्येक डोकेदुखीला शहराकडे पाठवितो व रुग्णाला कर्जात ढकलतो, किंवा वर्षभर सारे निष्फळ पाहून अशा रुग्णांकडे लक्ष देणेच सोडतो आणि मग शंभरातील तो एक खरा रुग्ण त्याच्या हातून निसटतो. दोन्ही चुका अज्ञानातून होतात असे नव्हे. चुकीच्या ठिकाणी मिळविलेल्या ज्ञानातून होतात.

स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात ही अडचण ओळखली होती. खेड्यापाड्यांतून काम करू शकेल असा सर्वसाधारण, पायाभूत डॉक्टर तयार व्हावा, आणि त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, असे तिने सुचविले. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. मैदानी प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीमागे एक, असे त्यांचे प्रमाण ठरले. केंद्रे झाली; परंतु त्यांत बसणारा डॉक्टर शिकत राहिला तो शहरातील रुग्णालयातच. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनेही वैद्यकीय शिक्षण समाजाच्या गरजांना जोडण्याचा आग्रह धरला. अशा सूचनांची मालिका लांब आहे. तिचा सारा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाची २०१९ साली नव्याने रचना झाली तेव्हा 'इलेक्टिव्ह' या नावाची एक गोष्ट देशातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांसाठी त्यात प्रथमच आली. मराठीत तिला ऐच्छिक पाठ म्हणता येईल. मात्र हा पाठ पुस्तकातला नव्हे, एखाद्या विभागात वा केंद्रात प्रत्यक्ष राहून घ्यावयाचा आहे. तृतीय वर्षाच्या पहिल्या भागाची परीक्षा संपल्यावर व अंतिम भाग सुरू होण्यापूर्वी ही मुदत येते. आरंभी तिला दोन महिने दिले होते. २०२३ च्या नियमांनी ती एका महिन्यावर आणली. तिचे पंधरा-पंधरा दिवसांचे दोन खंड पडतात. पहिला खंड शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या मूलभूत विषयांच्या प्रयोगशाळेत अथवा चालू असलेल्या एखाद्या संशोधनात घालवावयाचा. दुसरा एखाद्या रुग्णविभागात, अतिदक्षता विभागात, रक्तपेढीत, अपघात विभागात, किंवा ग्रामीण वा नागरी वस्तीतील दवाखान्यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. कोणते पाठ उपलब्ध आहेत, मार्गदर्शक कोण व प्रत्येकाकडे किती विद्यार्थी हे महाविद्यालय आधी ठरविते. पंचाहत्तर टक्के उपस्थिती आणि अनुभवांची नोंदवही यांवाचून अंतिम परीक्षेस बसता येत नाही. इतरत्र बुडालेली हजेरी या काळात भरून काढावयाची नाही, हेही नियमांतच नमूद आहे.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले असे हे तीसच दिवस. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची टांगती तलवार डोक्यावर असताना हे दिवस सोप्या विभागात नाव घालून, उरलेला वेळ प्रश्नसंच सोडविण्यात घालविण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल विद्यार्थ्यालाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्या परीक्षेवर त्याचे भवितव्य ठरते ती परीक्षा या दिवसांत तो काय शिकला हे विचारीत नाही. तरीही ज्याने वा जिने पुढे पहिल्या भेटीचा डॉक्टर होण्याचे योजिले आहे, त्यांनी निवड कशी करावी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिल्या खंडापासून प्रारंभ करू. प्रयोगशाळा म्हणजे खेड्यातील कामाशी असंबद्ध काहीतरी, असा ग्रह आढळतो. तो चुकीचा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस बसून थुंकीच्या नमुन्यातील क्षयाचे जंतू आणि रक्ताच्या थेंबातील हिवतापाचे परजीवी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावयास जो शिकला, त्याला पुढे आपल्या केंद्रातील तंत्रज्ञाचे काम चांगले होते की वाईट हे सांगता येते. औषधशास्त्र विभागात प्रतिजैविकांच्या वापराची मोजणी करणारा विद्यार्थी पुढे स्वतःची लेखणीही जपून चालवील अशी आशा करता येते.

संशोधनाचा पर्याय त्याहून मोलाचा ठरू शकतो. मात्र प्रश्न कोठून उचलला जातो यावर सारे अवलंबून आहे. याचे एक उदाहरण कोकणातले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. दंशानंतर घाम फुटे, वांत्या होत, हातपाय गार पडत, रक्तदाब प्रथम चढे, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठून रोगी गुदमरे. त्यांनी अशा रुग्णांजवळ तासन् तास बसून नाडी, रक्तदाब व हातापायांची ऊब यांची टिपणे केली. विषामुळे शरीरातील अनुकंपी मज्जासंस्था अनावर होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात व हृदयावर असह्य भार पडतो, असा उलगडा झाला. मग रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे तोंडाने घेण्याचे, रक्तदाबासाठी वापरात असलेले औषध या दंशावर वापरले गेले. १९८६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात त्याविषयीचा लेख आला. हा शोध ज्या साधनांनी लागला ती सारी कोणत्याही आरोग्य केंद्रात असतात : रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप, घड्याळ व कागद. विद्यार्थ्याने पंधरा दिवसांत असा शोध लावावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु एका प्रश्नावर रुग्णाजवळ बसून टिपण कसे ठेवावे, हे त्याला या काळात शिकता येते.

दुसऱ्या खंडाची निवड अधिक अवघड आहे. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. सामान्य वैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र व बालरोग या मोठ्या विषयांत विद्यार्थ्याची पाळी महिनोन्महिने होतेच, आणि पुढे वर्षभराच्या आंतरवासितेतही व्हावयाची असते. तेव्हा पहिल्या भेटीच्या डॉक्टरासमोर जे रोज येते पण ज्याला अभ्यासक्रमात थोडकाच वेळ मिळतो, ते येथे निवडावे.

त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग हे याचे उत्तम उदाहरण होय. खेड्यातील दवाखान्यात खाज, चट्टे, गजकर्ण व खरूज यांना तोटा नसतो. त्वचारोग पुस्तकातून शिकता येत नाहीत. डोळ्याला शेकडो चट्टे पाहण्याची सवय व्हावी लागते. आणि त्या शेकड्यांत एक फिकट, कोरडा चट्टा असा असतो की, कापसाची वात फिरविली तर रुग्णाला ती कळत नाही. कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याची घोषणा भारताने २००५ च्या अखेरीस केली. याचा अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे रोग्यांचे प्रमाण एकाहून खाली आले, रोग गेला असा नव्हे. त्यानंतरही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रोगी सापडत आले आहेत. चट्टा पाहून मलम लिहून देणारा डॉक्टर आणि तोच चट्टा पाहून कापूस मागविणारा, कोपरामागची मज्जा बोटांनी चाचपणारा डॉक्टर यांच्यात अंतर असते ते अशा पंधरा दिवसांचेच. पण रुग्णाच्या बाजूने ते त्याच्या बोटांचे अंतर ठरते. औषधे वेळेवर सुरू झाली तर हात शाबूत राहतो.

मनोविकार विभागाचेही असेच आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते; विकाराच्या प्रकारानुसार हे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके. हे लोक मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीत. छातीत धडधड, अंगात कसकस, झोप नाही, भूक नाही, अशा तक्रारी घेऊन ते गावातल्या डॉक्टरकडे येतात व ताकदीचे इंजेक्शन मागतात. इंजेक्शन देणे सोपे असते. "मनाला काही लागून राहिले आहे का?" हा प्रश्न योग्य वेळी, योग्य स्वरात विचारणे आणि नंतर पाच मिनिटे गप्प बसणे, हे कौशल्य शिकावे लागते, आणि ते करणारा वडीलधारा डॉक्टर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून येत नाही.

परिशामक परिचर्या, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या माणसाच्या वेदना कमी करण्याचे शास्त्र, हा पर्याय विद्यार्थ्यांच्या फारसा मनात येत नाही. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये अशा सेवेचा एक दवाखाना सुरू झाला. शेजारीपाजारीच स्वयंसेवक होऊन रुग्णाच्या घरी जाऊ लागले, आणि २००८ साली त्या राज्याने या सेवेचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले. अशा पथकाबरोबर घरोघर हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला जखमेची निगा व मॉर्फिनची मात्रा यांचे ज्ञान होतेच; शिवाय आजारी माणूस कोणत्या खोलीत, कोणत्या खाटेवर, कोणाच्या भरवशावर दिवस काढतो, हेही दिसते. रुग्णालयातील खाटेला घर नसते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खेड्यात जाणाऱ्याने उलट अतिदक्षता वा अपघात विभागच निवडावा. गंभीर रुग्ण ओळखता आला नाही तर बाकीचे सारे व्यर्थ, असे काही अनुभवी शिक्षक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या काळाविषयीचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे व मग नळी कलती करून पाहावी. रक्त गोठले नसेल तर घोणस वा फुरसे यांच्या विषाचा संशय दृढ होतो. मण्यार चावला असेल तर रक्त नेहमीप्रमाणे गोठते, पण पापण्या जड होऊन मिटू लागतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष केंद्रात असते. ते केव्हा द्यावे व दिल्यावर उलट प्रतिक्रिया आली तर ती कशी आवरावी, हे अपघात विभागात शिकता येते. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला आपण गंभीर रुग्णासमोर गांगरतो हे ठाऊक आहे, त्याने अपघात विभाग अवश्य घ्यावा. हृदयाच्या झडपा बदलण्याच्या शस्त्रक्रियागृहात मात्र त्याने पंधरा दिवस मागे उभे राहून काय साधावयाचे, हे सांगणे कठीण आहे.

आणि तरी, दुसरा खंड एखाद्या चांगल्या ग्रामीण केंद्रातच घालविणे बहुतेकांच्या हिताचे होईल, असे वरील हिशेबावरून म्हणावयास हरकत नाही. 'चांगल्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जेथे मार्गदर्शक डॉक्टर स्वतः रोज रुग्ण तपासतो व विद्यार्थ्याला शेजारी बसवून बोलतो, ते केंद्र चांगले. इमारत कशी आहे हा प्रश्न गौण. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. राष्ट्रीय अभ्यासक्रमातही आता विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. शक्य असेल तर याच कुटुंबांच्या परिसरातील केंद्र निवडावे. ओळखीच्या घरी पुन्हा गेल्याने जे कळते ते नव्या घरी कळत नाही.

अशा केंद्रातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणावी. दोन वर्षांचे मूल खोकते आहे, अंगात ताप आहे. येथे क्ष-किरण यंत्र नाही. मार्गदर्शक विद्यार्थिनीला सांगतो, मुलाला आईच्या मांडीवर शांत होऊ द्या, अंगातले झबले वर करा, आणि घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळात साठ, वर्षाच्या आतील बाळात पन्नास आणि वर्ष ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस, ही सीमा. त्या सीमेवर वा तिच्यापुढे श्वास गेले तर न्यूमोनियाचे उपचार सुरू करावयाचे. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात आहे का, मूल पिते का, हेही पाहावयाचे. विद्यार्थिनी अर्धे मिनिट मोजून दुप्पट करते. मार्गदर्शक तिला पुन्हा मोजावयास लावतो, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. आकडा येतो छत्तीस. प्रतिजैविक द्यावयाचे नाही. मग तो आईला विचारतो, घर किती लांब आहे, रात्री वाहन मिळते का, आणि कोणते लक्षण दिसताच लगेच परत यावयाचे ते तिच्याच शब्दांत तिच्याकडून वदवून घेतो. आशा कार्यकर्तीला दुसऱ्या दिवशी त्या घरी जाण्यास सांगतो.

वाट पाहणे हेही येथे निदानाचे साधन असते. मोठ्या रुग्णालयात ते वापरता येत नाही. तेथे रुग्ण एकदाच भेटतो. ज्या डॉक्टरला रुग्ण परवा पुन्हा भेटणार आहे, त्याला आजच सारे ठरविण्याची घाई करावी लागत नाही. मात्र त्यासाठी तो परवा तेथे असला पाहिजे, आणि आईचाही त्याच्यावर तेवढा विश्वास असला पाहिजे.

नोंदवहीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ नोंदवह्यांत 'आज बारा रुग्ण पाहिले' अशा ओळी आढळतात. त्यांचा उपयोग कोणालाच होत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याने रोज एकच रुग्ण निवडावा. प्रथम काय वाटले, नंतर काय निघाले, आणि दोहोंत फरक पडला असेल तर तो कशाने, एवढे लिहावे. वर वर्णिलेल्या विद्यार्थिनीने त्या सायंकाळी आपल्या वहीत लिहावयाचे ते असे : अर्ध्या मिनिटात एकवीस मोजले, दुप्पट करून बेचाळीस झाले असते, औषध दिले असते, पुऱ्या मिनिटात छत्तीस. आणि खाली एक रिकामी ओळ सोडावयाची, आशा कार्यकर्ती उद्या त्या घरून काय निरोप आणते ते लिहिण्यासाठी.